उशिरा शिकणाऱ्यांचे अण्णा

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक माता आपल्या मुलीचे नाव पाचवीत घालण्यासाठी माझ्या कार्यालयात आली. अर्ज भरून झाला, सही झाली, शुल्काची पावतीही हातात पडली. तरी ती खुर्चीवरून उठेना. अखेर मुलीला बाहेर पाठवून तिने विचारले, की तिचे स्वतःचे शिक्षण लग्नामुळे आठवीनंतर सुटले आहे, ते आता पुढे सुरू करता येईल काय. मुक्त विद्यालयातर्फे कोणत्याही वयात दहावीच्या परीक्षेला बसता येते, हे मी तिला सांगितले. तिचा चेहरा खुलला, आणि लगेच दुसरा प्रश्न आला : त्याला खर्च किती येईल, आणि तो घरात कोणाकडे मागायचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते. दुसऱ्याचे नव्हते.

शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा माझ्या मनात हा दुसरा प्रश्न घोळतच होता. म्हणून महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी लिहावयाचे ठरविले. अण्णासाहेब कर्वे म्हटले की पुनर्विवाह, हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ आणि भारतरत्न एवढे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु हा थोर पुरुष स्वतः उशिरा शिकलेला होता, त्याचे बहुतेक आयुष्य उशिरा शिकणाऱ्या स्त्रियांसाठी गेले, आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न त्याने एकशे चार वर्षांच्या आयुष्यात वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवून पाहिला, याकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. घर मात्र दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या मुरूडचे. घराण्याचे जुने वैभव ओसरले होते आणि वडील केशवपंतांची मिळकत जेमतेम होती. गावच्या शाळेत सोमण गुरुजींसारखा शिक्षक लाभला, हे मुलाचे भाग्य. या गुरुजींनी त्याला पुस्तकी धड्यांबरोबर गावाची कामे करावयास शिकविले. देवळात जमणाऱ्या लोकांना वर्तमानपत्रे वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे असे. अक्षरओळख नसलेली मोठी माणसे कान देऊन ऐकत आहेत आणि एक मुलगा वाचतो आहे, हे दृश्य पुढच्या साऱ्या चरित्राची जणू नांदीच होते.

१८७५ साली त्या काळची मराठी सहावीची परीक्षा देण्यासाठी धोंडो काही सोबत्यांबरोबर साताऱ्यास निघाला. पावसाळा पुरता सरला नव्हता. शंभराहून अधिक मैलांची वाट सह्याद्री ओलांडून पायी तुडवावयाची होती. मंडळी वेळेत पोहोचली. पण परीक्षक समितीच्या अध्यक्षांनी त्याच्या लहानखुऱ्या अंगलटीकडे पाहून हा मुलगा सतरा वर्षांचा असणे शक्य नाही असे ठरविले आणि त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वय पुरे होते, पण ते दिसत नव्हते. आल्या वाटेने तो मुरूडला परतला. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला.

ही हकीकत आपण मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. इंग्रजी शिक्षणाला खरा आरंभ व्हावयास या मुलाला वयाची अठरा वर्षे उलटावी लागली. मध्ये आजारपणाने आणि पैशाच्या अडचणीने खंड पडला. मुंबईस येऊन ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तोवर त्यांचे लग्न होऊन कित्येक वर्षे लोटली होती आणि घरी पाळणा हलण्याची वेळ आली होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते प्रौढ विद्यार्थीच होते. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित हा विषय घेऊन ते बी. ए. झाले. या शिक्षणाचा खर्च त्यांनी बहुतांशी शिकवण्या करून भागविला. दिवसाच्या आरंभी किंवा अखेरीस इतरांच्या मुलांना शिकवावयाचे आणि उरलेल्या वेळात स्वतः शिकावयाचे, असा तो क्रम होता. प्रौढ वयात शिकणारा माणूस पैशाच्या आधी झोपेने आणि विसाव्याने किंमत चुकवीत असतो, हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते.

मुंबईत चार पैसे मिळू लागताच त्यांनी एक प्रयोग केला. मुरूडच्या ज्या रहिवाशांना बाहेरगावी मिळकत होऊ लागली होती, त्यांनी आपल्या कमाईतील लहानसा वाटा नियमाने काढून गावाच्या उपयोगी कामांसाठी एकत्र करावा, अशी ती कल्पना होती. तिला मुरूड फंड असे नाव पडले. रकमा मोठ्या नव्हत्या. पण माणूस गाव सोडून गेला तरी गावच्या मुलांविषयीची त्याची जबाबदारी सुटत नाही, आणि थोडे पण नेमाने दिलेले धन एकदाच दिलेल्या मोठ्या दानापेक्षा अधिक भरवशाचे असते, ही दोन तत्त्वे त्या फंडात होती. महाराष्ट्रापासून दूर राहून मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना ती निराळी समजावून सांगावी लागू नयेत.

१८९१ साली अण्णांच्या आयुष्याला दोन वळणे लागली. पत्नी राधाबाई निवर्तल्या, आणि त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून त्यांना बोलावणे आले. पुनर्विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. त्यांचे जिवलग स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई हिच्याशी ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा विवाह झाला.

गोदूबाईंची कहाणी आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. देवरुखच्या या मुलीचे लग्न आठव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच तिला वैधव्य आले. त्यानंतरची कित्येक वर्षे सासरच्या कामधामात गेली. विशी उलटल्यावर नरहरपंतांनी तिला मुंबईस आणले. १८८९ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाईच होती. ज्या वयात इतर स्त्रिया मुलांना अक्षरे गिरवावयास बसवीत, त्या वयात ती स्वतः पाटी घेऊन बसली. तिला शिकावयाचे होते ते विद्वान होण्यासाठी नव्हे. कोणाच्या तरी घरी आश्रित म्हणून जन्म काढावा लागू नये, एवढीच तिची निकड होती.

आणि तिच्या शिक्षणाचा खर्च कोणी केला? शारदा सदनाला पैसा येत होता तो मुख्यतः अमेरिकेतून. पंडिता रमाबाईंची व्याख्याने ऐकून बोस्टन येथे त्यांच्या नावाची एक संस्था स्थापन झाली होती आणि दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने पत्करले होते. देवरुखच्या एका बालविधवेला अक्षरे शिकविण्यासाठी सातासमुद्रापलीकडील, तिला कधीही न पाहिलेल्या लोकांनी वर्गणी दिली. याबद्दल कृतज्ञ असावयास हवे, आणि थोडे लज्जितही. पुढे १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून शारदा सदनाविषयी वादळ उठले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली तेथून काढून घेतल्या. त्या वादात कोणाचे किती चुकले हा विषय वेगळा. पण त्यातून एक सत्य उघडे पडले : आपल्या लेकीबाळींच्या शिक्षणाचा भार आपण उचलला नव्हता, म्हणून वाद झाला तेव्हा त्यांना दुसरीकडे न्यावयाला जागाच नव्हती. नुकसान झाले ते शिकणाऱ्या मुलींचे.

अण्णा आणि आनंदीबाई झालेल्या गोदूबाई यांना या विवाहाची किंमत मोजावी लागली. मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरात घेतले तर आई आणि भाऊ यांनाही वाळीत पडावे लागेल अशी स्थिती झाली. ज्या गावासाठी त्यांनी फंड उभारला, त्याच गावात त्यांना थारा उरला नाही. यातून मनात कडवटपणा न ठेवता अण्णांनी एक गोष्ट ओळखली. पुनर्विवाहाने एखाद्या विधवेचा प्रश्न सुटेल; पण ज्या हजारो स्त्रियांना पुनर्विवाह करावयाचा नाही किंवा करता येणार नाही, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करावयाचे तर शिक्षणावाचून दुसरा मार्ग नाही. १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष झाले. अण्णांनी आपल्या शिलकीतील एक हजार रुपये आरंभीच संस्थेला दिले, आणि पुढे आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीही तिच्या नावे करून दिली.

हे दान वाचताना आपण भारावून जातो. पण घराच्या बाजूनेही ते पाहिले पाहिजे. विमा हा कुटुंबाचा आधार असतो. आनंदीबाईंना मुलांचे संगोपन, घरखर्च आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे करणे यांची ओढाताण सोसावी लागली, आणि आपल्या आत्मचरित्रात ती त्यांनी झाकून ठेवलेली नाही. एखाद्या थोर पुरुषाने समाजासाठी सर्वस्व दिले असे म्हणताना त्या सर्वस्वात दुसऱ्या कोणाचा तरी वाटा असतो, हे विसरता कामा नये. समाजाने आपला हिस्सा उचलला नाही की तो एखाद्या घराच्या माजघरातून वसूल होतो.

पुण्यात सुरू झालेला आश्रम १९०० साली प्लेगच्या दिवसांत गावाबाहेर हिंगण्याला हलविण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या माळजमिनीवर एक झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील तास संपले की अण्णा चिखल तुडवीत, लागेल ते सामानसुमान घेऊन पायी हिंगण्यास जात आणि पुन्हा पुण्याला परतत. कॉलेजात गणित शिकविणारा अध्यापक संध्याकाळी आश्रमाचा वाणसामान आणणारा आणि शिक्षकही होई. तो माळ म्हणजे आजचे पुण्यातील कर्वेनगर.

आश्रमातील विद्यार्थिनी सगळ्या लहान मुली नव्हत्या. संसार ऐन आरंभी मोडलेल्या, काही तर पदरी मूल असलेल्या स्त्रिया तेथे येत. त्यांतील एकीचे नाव संस्थेच्या इतिहासात अण्णांच्या शेजारी लिहावयास हवे. त्या पार्वतीबाई आठवले. आनंदीबाईंची ही धाकटी बहीण विशीच्या सुमारास विधवा झाली. लहानग्या मुलाला घेऊन ती पुण्यास आली, मोठ्या वयात शिकली, आणि आश्रमाच्या कामात पडली. पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. ज्या समाजात विधवेने चारचौघांत तोंड दाखवू नये असा संकेत होता, त्याच समाजाच्या सभांत उभे राहून त्या मदत मागू लागल्या. स्वतःला मिळालेले शिक्षण दुसऱ्या कोणाला मिळावे म्हणून मागणे, ही त्यांची परतफेड होती. ऋण ज्याचे घेतले त्यालाच फेडावे असा व्यवहाराचा नियम आहे. विद्येचे ऋण मात्र पुढच्याला देऊन फिटते.

पार्वतीबाईंच्या चरित्रातील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजी नीट यावे ही त्यांची जुनी इच्छा कामाच्या रगाड्यात अपुरी राहिली होती. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकण्याच्या उद्देशाने अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी कामे करून त्यांनी आपला निर्वाह चालविला, भाषा आत्मसात केली, आणि १९२० साली परत येऊन पुन्हा संस्थेच्या कामाला लागल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील हिंदू विधवेने परदेशात भांडी घासून भाषा शिकावी, हे वाचल्यावर आता माझे वय झाले असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना उरतो.

अण्णांच्या या कार्याला मर्यादा होत्या, आणि त्या लिहिल्याने त्यांचे मोठेपण उणे होत नाही. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला देणगीदारांचे मन सांभाळावे लागते. आश्रमात शिकलेल्या स्त्रीचा पुनर्विवाह लावून देतात अशी शंका आली तर सनातनी घरांतून विद्यार्थिनीही येणार नाहीत आणि पैसाही येणार नाही. म्हणून स्वतः पुनर्विवाह केलेल्या अण्णांनी आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने दूर ठेवले. याहून गंभीर गोष्ट अशी, की आरंभीच्या काळात आश्रमाचे दार व्यवहारात ब्राह्मण विधवांपुरतेच उघडे होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या बहिणीला तेथे प्रवेश मिळू शकला नाही. समाज रुष्ट होईल आणि उभे केलेले काम कोसळेल ही भीती त्यामागे होती. ज्यांच्या वर्गणीवर संस्था चालते, त्यांच्या पूर्वग्रहांचाही वाटा संस्थेला घ्यावा लागतो, तो असा. अण्णांना ही उणीव सलत असली पाहिजे. कारण वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ मध्ये, जातिभेद नाहीसे व्हावेत यासाठी त्यांनी समता संघ काढला.

आश्रमापाठोपाठ १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. पोटापुरते घेऊन उरलेले आयुष्य संस्थेला वाहणारे कार्यकर्ते मिळावेत म्हणून निष्काम कर्ममठाची स्थापना झाली. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद अण्णांकडे आले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी आपल्याकडेही स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे आणि तेथील शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा विचार मांडला. १९१६ साली ते विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा विद्यार्थिनींची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मराठी माध्यमाची शाळा चालविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की उच्च शिक्षण मातृभाषेतून देता येते असे मानून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने विद्यापीठ काढले. उशिरा शिकू लागलेल्या स्त्रीला आधी परकी भाषा आणि मग विषय, असा दुहेरी डोंगर चढावा लागू नये, हा त्यातला व्यवहार होता.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपविणारी होती. पण इतका पैसा मिळूनही एक गोष्ट मिळाली नाही, ती म्हणजे सरकारची मान्यता. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ नसल्यामुळे येथील पदवीधर स्त्रियांना आपल्या पदवीचे मोल बाहेर सिद्ध करीत बसावे लागे. ही मान्यता कायद्याने मिळावयास स्वराज्य यावे लागले. स्थापनेनंतर सुमारे पस्तीस वर्षांनी, १९५१ साली, ते पूर्णार्थाने वैधानिक विद्यापीठ झाले. दान शाळा उभी करू शकते, शिक्षकांचे वेतन देऊ शकते, वसतिगृह बांधू शकते. शिकलेल्या माणसाच्या विद्येवर राज्याचा शिक्का मात्र दानाने उठत नाही.

अण्णांनी हात पसरणे मात्र थांबविले नाही. सत्तरी ओलांडल्यावर १९२९ मध्ये ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले. परतल्यावर काही महिन्यांतच आफ्रिकेतील भारतीय वस्त्यांत फिरले. संस्थांची माहिती सांगावयाची आणि मिळेल ती मदत घ्यावयाची. पुढे १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जेथे सरकारची किंवा लोकल बोर्डाची शाळा पोहोचली नव्हती अशा खेड्यांत शाळा काढावयाच्या, हा त्याचा हेतू होता. त्यासाठी हा वृद्ध पुण्याच्या रस्त्यांवरून दारोदार हिंडून लहान लहान वर्गण्या गोळा करीत असे. आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातील वाटाही ते देत. पंधरा लाखांची देणगी मिळविलेला माणूस पुन्हा आण्यापैशांच्या वर्गणीकडे का वळला? कारण त्यांच्या दृष्टीने ती वर्गणी केवळ पैसा नव्हती. दरमहा काही तरी देणारा मनुष्य त्या शाळेची चौकशी करतो, तिच्यावर आपला हक्क मानतो, शिकणाऱ्याला आपला समजतो. मोठ्या देणगीने इमारत होते. लहान वर्गणीने समाज बांधला जातो.

१९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हे सन्मान त्यांना लाभले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या मुलाला साताऱ्यात वय दिसत नाही म्हणून परत पाठविले होते, त्याला काळाने एकशे चार वर्षे दिली, आणि त्यांतील एकही वर्ष त्याने शिकण्यास उशीर झाला असे मानून बसून घालविले नाही.

आता पुन्हा त्या मातेच्या प्रश्नाकडे येते. आपल्या देशात सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु चौदाव्या वर्षानंतर हा हक्क संपतो. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, तो प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर. या दोहोंच्या मध्ये आठवी किंवा नववीत शाळा सुटलेली स्त्री उभी आहे. ती निरक्षर नाही, म्हणून साक्षरता वर्गात तिचे काम नाही. ती बालक नाही, म्हणून मोफत शिक्षणाच्या कायद्यात ती बसत नाही.

प्रौढ माणूस कमावता असतो, तेव्हा त्याने आपल्या शिक्षणाचा खर्च आपणच करावा, असे एक मत आहे. शाळांच्या बैठकीत मी ते अनेकदा ऐकले आहे, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. अण्णांनी स्वतः शिकवण्या करून पदवी मिळविली आणि पार्वतीबाईंनी परक्या घरी कामे करून इंग्रजी शिकून घेतले; शिकणाऱ्याने आपला वाटा उचलू नये असे त्या दोघांपैकी कोणीही म्हटले नसते. पण गोदूबाईंची शाळा त्यांच्या निवडीने चुकली नव्हती. आठव्या वर्षी लग्न लावणारे मोठे लोक होते. माझ्या कार्यालयात आलेल्या मातेची शाळाही तिने सोडली नव्हती, ती सुटली होती. तिच्या कष्टांवर एक घर चालले, मुले वाढली. ज्यांनी त्या कष्टांचा लाभ घेतला, त्यांनी तिची राहिलेली दोन वर्षे आता तिला द्यावीत, यात उपकार कसले? आणि जे राज्य तिच्या बालपणी तिला शाळेत टिकवू शकले नाही, त्याने तो न केलेला खर्च आज करावा, ही मागणी याचना ठरू नये.

राज्याने आपले कर्तव्य करावे यासाठी आपण आग्रह धरलाच पाहिजे. पण अण्णांच्या चरित्रातून मी आणखी एक शिकले आहे. राज्याची मान्यता येण्यास पस्तीस वर्षे लागली. तोवर विद्यार्थिनींना थांबविले असते तर एक पिढी वृद्ध झाली असती. तोवरची व्यवस्था समाजाने करावयाची असते.

आपल्या शाळेच्या पहिल्या वर्षांची वर्गणीची वही मी या महोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा पाहिली. दरमहा एक रुपया, दोन रुपये अशा नोंदी आहेत. ज्यांना मूलबाळ नव्हते, ज्यांची मुले दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत होती, अशा कुटुंबांची नावेही तीत आहेत. त्यांनी स्वतःच्या मुलांसाठी पैसे दिले नव्हते. परप्रांतात आपली भाषा बोलणारे कोणाचेही मूल शिकावे म्हणून दिले होते.

हीरक महोत्सवी निधीतून सभागृहाचे नूतनीकरण व्हावयाचे आहे आणि ते आवश्यक आहे. परंतु त्या निधीचा एक वाटा राखून शाळेच्या माता-पालकांसाठी संध्याकाळचा एक वर्ग सुरू करावा, दहावीच्या परीक्षेचे शुल्क ज्यांना जमेल त्यांनी भरावे आणि ज्यांना जमणार नाही त्यांचे शाळेने भरावे, आणि पुढील वर्षापासून तो वर्ग माजी विद्यार्थ्यांच्या मासिक वर्गणीवर चालावा, असा प्रस्ताव मी संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे ठेवला आहे. वर्गाला येणाऱ्या मातांची लहान मुले त्या वेळात ग्रंथालयात बसतील. त्यांच्याकडे पाहण्याची जबाबदारी आम्हा शिक्षिकांपैकी काहींनी पत्करली आहे. वर्गणीच्या नव्या वहीचे पहिले पान मी आखून ठेवले आहे आणि त्यावर पहिली नोंद माझ्या नावाची केली आहे. रक्कम मोठी नाही; पण दरमहा आहे.

प्रस्तावावर निर्णय व्हावयाचा आहे. तोवर त्या मातेला मी मुलीच्या इयत्तेची पुस्तके चाळावयास सांगितले आहे. मुलगी शाळेतून आल्यावर दोघी एकत्र अभ्यासाला बसतात, असे परवा मुलीकडूनच कळले. आई गणितात आपल्या पुढे आहे, हेही तिने जरा रुसूनच सांगितले.